रोहित नसतानाची उजनी : सोलापूरहून केलेल्या शरदातल्या सफरीचे परीक्षण

उजनी जलाशयावर होडीतून पक्षी दाखवणारे नावाडी आता इंदापूर आणि करमाळा अशा दोन्ही काठांवर आहेत. त्यांच्या सेवेविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतले असते, कारण त्या काळात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरलेले असतात आणि छायाचित्रकारांची झुंबड उडालेली असते. प्रस्तुत परीक्षण त्या दिवसांचे नाही. दसरा होऊन गेला आहे, परतीचा पाऊस आटोपला आहे, धरण काठोकाठ भरले आहे आणि ज्वारीची पेरणी उरकून शेतकरी जरा मोकळा झाला आहे, अशा आश्विन-कार्तिकाच्या दिवसांत सोलापूरकराने या सेवेवर पैसे खर्च करावेत की नाही, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या पद्धतीने ही सफर सोलापुरात विकली जाते, त्या पद्धतीने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही चौघांनी ती शहरातल्या एका गाडीवाल्या व्यावसायिकामार्फत घेतली. पहाटे नान्नजचे माळरान (माळढोक अभयारण्याचा भाग), दुपारी उजनी, तेथेच मासळीचे जेवण आणि दिवेलागणीनंतर परत, असा ठोक सौदा होता. नान्नज हे बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. उजनीच्या फुगवट्याचा करमाळ्याकडील काठ गाठायचा तर पुणे महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत जाऊन तेथून जेऊरच्या दिशेने वळावे लागते. एकाच जिल्ह्यातली ही दोन ठिकाणे नकाशावर जवळ दिसतात, पण माळरानावर ऊन चढण्याआधीची जी मोलाची वेळ असते ती पुढच्या प्रवासाच्या धास्तीत निसटते आणि होडीत पाय ठेवेपर्यंत दुपार कलून पाण्यावर वारा सुटलेला असतो. दोन्ही ठिकाणे पाहण्याजोगी आहेत, परंतु एका दिवसात कोंबल्यामुळे दोन्ही अर्धीच पदरात पडतात. नान्नजला एक सकाळ वेगळी द्यावी आणि उजनीला दुसरा पूर्ण दिवस द्यावा.

दुसरी तक्रार जाहिरातीविषयी आहे. मोबाइलवर आलेल्या पत्रकावर गुलाबी पंखांचा थवा छापलेला होता आणि खाली ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तारखा होत्या. ही सरळसरळ दिशाभूल आहे. रोहित हा लांब पायांनी पाण्यात चालणारा, मान खाली घालून चोच उलटी धरणारा आणि गाळाच्या पाण्यातले शेवाळ व सूक्ष्म जीव चोचीतल्या गाळणीने गाळून खाणारा पक्षी आहे. त्याला उथळ पाणी आणि त्याखाली मऊ गाळ लागतो. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यापैकी ६३.६६ टीएमसी मृतसाठा, हे आकडे आपल्या जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात, कारण धरण अधिक आहे की वजा, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या वर आहे की खाली, यावर येथील ऊस, ज्वारी आणि पिण्याचे पाणी ठरते. पावसाळ्यानंतर पाणी पूर्ण पातळीला असताना काठावरच्या बाभळी बुंध्यापर्यंत बुडालेल्या असतात आणि ज्या गाळपेऱ्यावर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर) रोहित उतरतो, तो पुरुषभर पाण्याखाली असतो. हिवाळ्यात कालव्यांतून आणि नदीतून पाणी सुटू लागते, काठ मागे सरकतो, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि मग पाहुणे येतात. आमच्या नावाड्याला हे पत्रक दाखवले, तेव्हा तो हसून म्हणाला, “पाणी हटून चिकुल उघडा पडल्याबिगर त्यो खाली उतरत न्हाई, काका. आत्ता फोटुतच बघा.” हे वाक्य सौदा ठरतानाच कोणी सांगितले असते तर आमच्यातल्या एकाची पूर्ण दिवसाची चिडचिड वाचली असती.

आता मूळ सेवेकडे, म्हणजे होडीकडे वळतो. लांबट, सपाट बुडाची, मागे लहान यंत्र लावलेली ही मच्छिमारांचीच होडी आहे; त्यात पाहुण्यांसाठी आडव्या फळ्या टाकून वर सतरंजी अंथरली आहे, इतकाच काय तो बदल. पाठ टेकायला काही नाही, सावली नाही आणि ऑक्टोबरचे ऊन पाण्यावरून परतून तोंडावर येते, त्यामुळे डोक्याला उपरणे किंवा टोपी घेतलीच पाहिजे. पक्षी जवळ आले की नावाडी यंत्र बंद करून बांबूने होडी रेटतो, हे मला फार आवडले. यंत्र चालू ठेवून थव्याच्या अंगावर जाणारे नावाडीही त्याच पाण्यावर आम्ही पाहिले, आणि त्यांच्या होडीपुढून वारकरी पक्ष्यांची रांग पाण्यावर पाय आपटत दूर पळताना दिसत होती.

सुरक्षेच्या बाबतीत हात आखडता घेऊन चालणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटून सहा जणांना जलसमाधी मिळाली. तेव्हापासून काठावरच्या लोकांचे वाऱ्याकडे बघणे बदलले आहे. आमच्या नावाड्याने होडी सोडण्याआधी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालायला लावले आणि ते घातल्याशिवाय दोर सोडणार नाही असे बजावले. हे त्याच्या श्रेयाचे. पण मला मिळालेल्या जाकिटाची कमरेकडची चिमटी तुटलेली होती आणि तेथे सुतळी बांधलेली होती. मी बदलून मागितल्यावर त्याने लगेच दुसरे दिले. तरी न मागणाऱ्याला ते मिळाले नसते, ही बाब नोंदवणे भाग आहे. लहान मुलांच्या मापाचे एकही जाकीट काठावर नव्हते. मुले बरोबर असतील तर त्यांच्या मापाचे जाकीट सोलापुरातून विकत किंवा मागून न्यावे.

या सफरीतला मला सर्वांत समृद्ध वाटलेला भाग जाहिरातीत एका ओळीतही नव्हता, आणि तो म्हणजे जाळे. नावाड्याने आदल्या संध्याकाळी टाकलेले जाळे परतीच्या वाटेवर उचलायचे होते आणि त्याने आम्हाला विचारले, थांबाल का? पाण्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांची रांग तरंगत होती. त्याने पहिली बाटली धरून दोरी गुडघ्यावर घेतली आणि एकेक हात मागे ओढत तो जाळे होडीत घेऊ लागला. पहिल्या काही हातांत फक्त पाणवनस्पतीचे पुंजके आले, मग चांदीसारखी चमक दिसली आणि एकामागून एक चिलापी येऊ लागल्या. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आता उजनीच्या बाजारात राहू, कटला, मृगळ यांच्यापेक्षा तोच अधिक दिसतो. तो इतका कसा वाढला, याचे उत्तर नावाड्याने तोंडाने दिले नाही. त्याने एका मादीचा जबडा अंगठ्याने हलकेच दाबला, तेव्हा तिच्या तोंडातून ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळसर अंडी त्याच्या तळहातावर ओघळली. ही मादी फळलेली अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिल्ले निघाल्यावरही धोका दिसला की त्यांना पुन्हा तोंडात घेते. इतर बरेच मासे आपली अंडी पाण्यात सोडून देतात आणि ती दुसऱ्यांच्या पोटात जातात; हिची मात्र बरीचशी जगतात, शिवाय ती वर्षातून अनेकदा वितेही. नावाड्याने ती मादी अंड्यांसह पाण्यात सोडली. आम्ही होतो म्हणून सोडली की एरवीही सोडतो, हे मी विचारले नाही.

त्याच जाळ्यात एक काळपट, खवल्यांऐवजी खरखरीत चिलखत असलेला मासा अडकला होता. त्याला येथे सकर म्हणतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा घरातल्या काचेच्या पेटीत शेवाळ साफ करण्यासाठी विकला जातो. पेटीत मावेनासा झाला की लोक त्याला ओढ्यात किंवा तलावात नेऊन सोडतात आणि तो तेथे बस्तान बसवतो. त्याला बाजारात कोणी विचारत नाही, पण त्याच्या परांचे ताठ काटे जाळ्यात असे गुंततात की तो सोडवताना जाळ्याची आसे (विणीतली घरे) तुटतात. नावाड्याने खिशातून पाते काढून त्या माशाभोवतीचा पीळ कापला आणि नुकसानीचे भोक बोटाने मोजून आम्हाला दाखवले. रात्री घरी बसून ते विणावे लागणार होते. सोलापुरात ज्यांच्याकडे मत्स्यपेटी आहे त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. सिद्धेश्वर तलाव असो की हिप्परग्याचा, नको झालेला मासा तेथे सोडणे हे भूतदयेचे काम नाही.

जाळ्याच्या आसाविषयीही त्याच्याकडून ऐकण्यासारखे होते. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान पिल्ले निसटतात आणि पुढच्या हंगामाला वाढतात. बारीक आसाच्या जाळ्यांनी मात्र बोटाएवढी पिल्लेही काठावर येतात आणि सुकवून विकली जातात. अशा जाळ्यांविरुद्ध मच्छिमारांमधूनच वारंवार ओरड होते, कारवाई होते आणि पुन्हा तेच चालू राहते. जलाशयात पावसाळ्यात मासे वितात, त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास पाण्यात नवी पिल्ले भरपूर असतात आणि नेमके तेव्हाच बारीक जाळ्याचे नुकसान सर्वाधिक होते. शरदातल्या मासेमारीचा हा पेच पर्यटकाला होडीत बसल्याशिवाय कळत नाही, आणि ज्या सेवेत तो कळतो तिला मी एक गुण जास्त देतो.

सौद्यात “गळ टाकण्याची संधी” असेही एक कलम होते. गाडीवाल्याने त्यासाठी दोन स्वस्त काठ्या आणल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीचे चाक फिरत नव्हते. नावाड्याने नम्रपणे सांगितले की येथे मासे धरण्याचा परवाना त्याच्या नावावर आहे, पाहुण्यांच्या नाही; हौस म्हणून काठावर बसून गळ टाकायचा असेल तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याकडे चौकशी करून यावे. मला त्याचे म्हणणे रास्त वाटले. ज्यांना गळाचा खरा नाद आहे, त्यांनी या कलमाला भुलून जाऊ नये.

पक्ष्यांविषयी आता थोडक्यात. पाणी भरलेले असताना ते विखुरलेले असतात आणि एका नजरेत डोळे दिपवणारा थवा दिसत नाही. त्याऐवजी दिसते ते हे: बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यांवर पंख पसरून वाळवणारे पाणकावळे, जाळ्याच्या बाटल्यांवर बसलेले नदी सुरय, हवेत एकाच जागी थरथरत राहून सरळ पाण्यात कोसळणारा कवड्या खंड्या, काठाच्या लव्हाळ्यात मान ताठ करून उभा असलेला जांभळा बगळा. उत्तरेकडून येणाऱ्यांपैकी पहिल्या तुकड्या आलेल्या असतात. आम्हाला थापट्या आणि तलवार बदकांचे छोटे गट दिसले, तपकिरी डोक्याचे कुरव होडीमागे फेकलेल्या माशांच्या तुकड्यांसाठी भांडत होते, आणि एका वाळक्या खोडावर मासा पायाखाली दाबून बसलेली मीनखाई घार आम्ही बराच वेळ पाहिली. ती दाखवली नावाड्याने, आणि तीही नुसत्या डोळ्यांनी. मासे कोठल्या खाडीत गोळा होतात हे ज्याला रोजच्या पोटासाठी ठाऊक असावे लागते, त्याला घार कोठे बसेल हेही ठाऊक असते. पत्रकावर “तज्ज्ञ मार्गदर्शक” म्हणून ज्यांचा उल्लेख होता ते गृहस्थ मात्र गाडीत बसून राहिले.

जेवण नावाड्याच्या घरी, ओसरीवर झाले. चिलापीचा रस्सा तांबडा, पातळ, वरून लसणाचा वास येणारा. तळलेल्या मरळीचे मोजके तुकडे. ज्वारीची भाकरी चुलीवरून थेट ताटात. आणि सोबत शेंगाचटणी, जी वाढताना वहिनींनी “ही तुमच्या सोलापूरवाल्यांसाठी” असे म्हणून ताटाच्या कडेला ठेवली. चिलापीला काटे कमी असतात, पण रस्सा उकळताना ती फार ढवळली तर विरघळते. येथे तुकडे अखंड होते आणि मांस काट्यापासून सहज सुटत होते. महामार्गावरच्या मासळी-खाणावळींत याहून तिखट आणि तेलकट जेवण याहून जास्त पैशांत मिळते. शाकाहारी माणसासाठी पिठले केले होते, तेही चांगले होते; मात्र आदल्या दिवशी कळवावे लागते. हात धुवायला पाणी घरासमोर मिळाले, स्वच्छतागृहाची सोय मात्र अडचणीची आहे आणि स्त्रियांनी ती आधी विचारून घ्यावी.

जेवताना आमच्यापैकी एकाने सहज विचारले, तित्तर मिळतो का? हा प्रश्न विचारणारे बरेच जण असतात, म्हणून त्याचे उत्तर येथे लिहून ठेवतो. तित्तर, लावा, ससा, घोरपड, यांपैकी काहीही धरणे, मारणे किंवा ताटात वाढणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पिकात शिरणाऱ्या रानडुकराबाबत अर्ज करून परवानगी मागण्याचा आणि नुकसानभरपाईचा मार्ग वनखात्याकडे आहे, पण तो शेतकऱ्याचा प्रश्न आहे. सहलीला आलेल्या माणसासाठी आपल्याकडे शिकारीचा हंगाम म्हणून काही उरलेला नाही. वहिनींनी त्या प्रश्नाला उत्तर न देता आणखी एक भाकरी वाढली.

नान्नजचा अनुभव याच संदर्भात सांगणे सोयीचे आहे. पहाटेच्या गार हवेत माळावर पोहोचलो तेव्हा गवत कंबरेएवढे आणि पिवळे पडू लागलेले होते. पवन्या आणि मारवेल यांचे तुरे वाऱ्यावर एका अंगाला झुकत होते आणि कुसळीची टोकदार बीजे दहा पावलांतच पायमोज्यांत रुतली. ही कुसळे नुसती चिकटत नाहीत. ओल मिळाली की त्यांचा पीळ फिरतो आणि टोक आत शिरत जाते, म्हणजे घामाने भिजलेल्या मोज्यात ती चालता चालता आणखी खोल जातात. जाड पँट आणि घोट्यावर येणारे बूट नसतील तर या महिन्यांत माळावर उतरू नये.

काळविटांचा एक कळप फार लांब नव्हता. पावसाळ्याच्या अखेरीस नरांची हद्दीवरून झुंज चालते, त्यामुळे एक काळाभोर नर मान मागे टाकून, शिंगे पाठीला टेकवून, आपल्या तुकड्याच्या कडेने मोठ्या ऐटीत चालत होता आणि तपकिरी माद्या त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता चरत होत्या. आम्ही दुर्बिणी लावून बसलो असतानाच गाडीच्या चालकाने विचारले, “पळवून दाखवू का? उड्या मारतात, व्हिडिओ भारी येतो.” त्याचा हात चावीवर गेला होता. आम्ही त्याला थांबवले आणि त्याला त्याचे आश्चर्य वाटले, कारण त्याच्या सांगण्यानुसार बहुतेक गिऱ्हाइके हेच मागतात.

या ठिकाणी कायद्याची व्याख्या माहीत असणे आवश्यक आहे. अधिनियमातील “शिकार” या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, फासा लावणे, आमिष दाखवणे, प्राण्याला पळवत नेणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे येते. त्यामुळे चित्रफितीसाठी काळविटांच्या मागे गाडी घालणारा चालक आणि त्याला तसे सांगणारे प्रवासी, हे दोघेही बंदूक न उचलता शिकारीच्या आरोपात सापडू शकतात. काळवीट अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी किमान तीन वर्षांचा कारावास आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. गाडी चालवणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने हे वाक्य आपल्या गाडीत छापून लावावे अशी माझी सूचना आहे. पत्रकातला “शिकारीचा थरार” हा शब्दप्रयोगही त्यांनी काढून टाकावा. त्यांना लांडगा दिसण्याचा थरार अभिप्रेत होता, असे नंतर कळले.

लांडगा दिसला नाही. रस्त्याकडेच्या मऊ मातीत पंज्यांचे ठसे होते, कुत्र्यापेक्षा लांबट आणि सरळ रेषेत गेलेले, आणि एका मेंढपाळाने आदल्या रात्री तो वाड्याजवळ येऊन गेल्याचे सांगितले. हिवाळ्याच्या तोंडाशी लांडग्यांचा विणीचा काळ येतो, तेव्हा बिळे शोधत हिंडणे हे त्यांच्या पिल्लांच्या जिवावर उठणे आहे. चालकाला एक बीळ माहीत होते आणि तो आम्हाला तेथे न्यायला तयार होता. आम्ही गेलो नाही. येथे मात्र मी सौदा करणाऱ्या व्यावसायिकाला सरळ दोषी धरतो, कारण ज्याने आपल्या चालकाला प्राण्यापासून किती अंतर राखायचे हे शिकवले नाही, त्याने ही सेवा विकायला नको होती.

नान्नजचे नाव ज्या पक्ष्यामुळे झाले, त्या माळढोकाविषयीही पत्रकात आश्वासन होते. १९७२ साली बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याची नोंद केली, १९७९ साली अभयारण्य घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर ठेवले गेले. त्यात गावे, शेते आणि बाजारपेठाही आल्या, जमिनीचे व्यवहार अडकले, लोकांचा राग पक्ष्यावर निघाला आणि शेवटी क्षेत्र घटवून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. या दरम्यान माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा वाढल्या आणि वर्षाला एकच अंडे घालणारा हा मोठ्या अंगाचा पक्षी मागे पडत गेला. देशभरात आता तो दीडशेच्या आत उरला आहे, त्यातले बहुसंख्य राजस्थानात. आपल्याकडे एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. तेव्हा माळढोक दाखवण्याचे आश्वासन जो देतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जो “माळढोक नाही, पण धाविक, चंडोल, पखुर्डी आणि भोवत्या दाखवतो” असे म्हणेल, त्याला अवश्य पैसे द्यावेत. आम्हाला एक भोवत्या, म्हणजे माळावरचा शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून तरंगत जाताना दिसला आणि तेवढ्यासाठी पहाटे उठणे सार्थकी लागले.

सेवेत मला सर्वांत मोठी उणीव जाणवली ती नोंदींची. पाहिलेले पक्षी, वेळ, ठिकाण, पाण्याची पातळी, यांतले काहीही गाडीवाला लिहीत नाही आणि नावाडीही लिहीत नाही. नावाड्याच्या डोक्यात मात्र अनेक वर्षांची माहिती आहे. पहिला चक्रवाक दिवाळीआधी येतो की नंतर, कुरव कधी दिसू लागतात, कोणत्या वर्षी पाणी उशिरा हटले आणि रोहित उशिरा उतरले, हे तो सहज सांगत होता. असे सांगणे हवेत विरते. कागदावर किंवा ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर उतरले तर त्याला किंमत येते. तेथे यादी भरताना किती वेळ पाहिले, किती अंतर गेलो आणि दिसलेले सगळे पक्षी लिहिले की निवडक, हे विचारतात. त्यात खरी मेख शेवटच्या प्रश्नात आहे, कारण “सगळे लिहिले” असे म्हटले की जो पक्षी यादीत नाही तो तेथे दिसला नव्हता, ही माहितीही हाती लागते. ऑक्टोबरातल्या उजनीवर रोहित नसल्याची नोंद ही म्हणूनच वाया गेलेली नोंद नव्हे. संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा तेथे झाकून ठेवली जाते, त्यामुळे शिकाऱ्याला पत्ता मिळेल ही भीतीही नको. माझ्या भाच्याने होडीतच यादी भरली आणि नावाड्याच्या थोरल्या मुलाच्या मोबाइलवर ते ॲप उतरवून दिले. तो पोरगा मराठी नावे पटापट सांगत होता आणि भाचा ती शोधत होता. दोघांची जोडी चांगली जमली.

या व्यावसायिकांनी मनावर घेतले तर त्यांना आयता मुहूर्तही आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा आरंभ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी आणि शेवट पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनी होतो. चितमपल्ली सोलापुरात जन्मले आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच वारले. त्यांच्या गावातून निघणाऱ्या गाडीत त्या आठवड्यात तरी एक वही, एक पेन्सिल आणि पक्षी ओळखणारा एक माणूस असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. पुढे जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, तिच्यासाठीही उजनीसारख्या विस्तीर्ण पाण्यावर काठाकाठाने मोजणारी माणसे हवीच असतात.

दुर्बीण सौद्यात “उपलब्ध” होती. प्रत्यक्षात चौघांत एक मिळाली आणि तिची एक भिंग-नळी धुरकट होती. स्वतःची न्यावी. होडी डुलत असते, त्यामुळे ८×४२ ची दुर्बीण १०×५० पेक्षा अधिक स्थिर चित्र देते आणि गळ्यालाही हलकी पडते.

पैशांचे म्हणावे तर होडीचे भाडे माणशी नसून होडीमागे असते. नावाड्याशी थेट बोलले तर चौघांत वाटून येणारी रक्कम सोलापुरातल्या एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणाच्या आसपास पडते. आम्ही मधल्या माणसाला त्याच्या दुप्पटीहून अधिक दिले आणि त्यातले नावाड्याला किती पोहोचले, हे विचारल्यावर तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. स्वतःची गाडी नसेल तर सोलापूर-पुणे लोहमार्गावरची जेऊर, वाशिंबे, पारेवाडी ही स्थानके फुगवट्याच्या करमाळा बाजूला जवळ पडतात. तेथे थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाहून निघावे आणि पुढचे अंतर नेण्याविषयी नावाड्याशी आधी ठरवावे. कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात टेंभुर्णीच्या चौकात पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या आणि गाड्यांची दाटी असते, म्हणून ते दिवस टाळावेत. दुपारची होडी घेऊ नये. सूर्योदयाला काठावर हजर राहावे आणि वारा सुटण्याआधी परतावे. आदल्या संध्याकाळी फोन केला तर नावाडी वाऱ्याचा आणि पाण्याचा अंदाज सांगतो, वारा जास्त असेल तर “येऊ नका” असे स्वतःच म्हणतो आणि आगाऊ रक्कम मागत नाही. पैसे रोख न्यावेत, कारण काठावर मोबाइलला रेंज येते आणि जाते.